मराठवाड्यातील ध्वनिमुद्रित साधने आणि स्पूल टेपरेकॉर्डरमधील कंडेन्सर : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासाची साधने म्हटली की दप्तरखान्यातील कागदपत्रे, वृत्तपत्रांच्या फायली, आत्मचरित्रे व पत्रव्यवहार यांचा विचार प्रथम केला जातो. ध्वनिफीत हे साधन बहुधा तळटीपेपुरतेच उरते. वास्तविक हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेली पिढी, जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत असणाऱ्या स्त्रिया, भजनी मंडळे, शाहीर आणि गावोगावचे कीर्तनकार यांचा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आवाज आज कोठे टिकून असेल, तर तो प्रामुख्याने चुंबकीय फितीवर होय. जुना कागद वाचण्यासाठी चष्मा पुरतो. फीत ऐकण्यासाठी यंत्र लागते आणि ते चालू स्थितीत असावे लागते.

हे यंत्र चालू राहण्याचा प्रश्न अनेकदा करंगळीएवढ्या एका सुट्या भागापाशी येऊन थांबतो. पाठ्यपुस्तकात त्यास 'धारित्र' म्हणतात, अभियांत्रिकीत 'कपॅसिटर' म्हणतात आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात 'कंडेन्सर' म्हणतात. यांपैकी दुकानातला शब्द सर्वांत जुना आहे. इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा याने १७८२ मध्ये विद्युतभार साठविणाऱ्या साधनास दिलेल्या नावावरून तो आला. पाश्चात्त्य तांत्रिक लेखनातून तो बराचसा मागे पडला, तरी भारतीय बाजारपेठेत तो अद्याप रूढ आहे. प्रस्तुत लेखातही तोच वापरला आहे.

स्पूलच्या टेपरेकॉर्डरमधील जुने कंडेन्सर बदलणे ही एरवी कारागिराची बाब समजली जाते. तथापि कोणता भाग बदलला, कोणता ठेवला आणि त्याची नोंद केली किंवा नाही, यावर ध्वनिफितीतून मिळणाऱ्या पुराव्याची विश्वसनीयता अवलंबून असते. म्हणून ही दुरुस्ती साधनचिकित्सेचाच एक भाग मानली पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मराठवाड्यातील ध्वनिमुद्रणाची ऐतिहासिक पार्श्वभूमी थोडक्यात मांडणे.
२. कंडेन्सरच्या ऱ्हासाची कारणे व त्यावर स्थानिक हवामानाचा होणारा परिणाम स्पष्ट करणे.
३. यंत्रातील दोषांमुळे ध्वनिरूप पुराव्याचा अर्थ कसा बदलतो याचे विश्लेषण करणे.
४. महाविद्यालये व संशोधन केंद्रे यांच्यासाठी दुरुस्तीविषयक तत्त्वे सुचविणे.

या अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

चुंबकीय फितीची कल्पना जर्मनीत आकारास आली. फ्रिट्झ फ्लॉयमर याने १९२८ मध्ये कागदी पट्टीवर लोहचूर्णाचा लेप देऊन ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत शोधली. १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात 'मॅग्नेटोफोन' हे यंत्र लोकांसमोर आले. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र अमेरिका व युरोपात वेगाने पसरले आणि रेडिओ केंद्रांच्या कामकाजाचा कणा बनले. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली. तोपर्यंत, आणि भारतात त्यानंतरही बराच काळ, गंभीर ध्वनिमुद्रण म्हणजे स्पूलवरील ध्वनिमुद्रण असेच समीकरण होते.

मराठवाड्याचा नभोवाणीशी संबंध निजामी राजवटीतच आला होता. हैदराबाद येथील डेक्कन रेडिओ १९५० मध्ये आकाशवाणीत समाविष्ट झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा भाग झाला. १९६८ मध्ये परभणी येथे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. नांदेड जिल्हा आणि त्या वेळी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात असलेले लातूर यांना आपल्या बोलीतील कार्यक्रम त्यामुळे जवळून ऐकता येऊ लागले. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला.

याच कालखंडात विभागाचे बौद्धिक जीवन आकार घेत होते. नांदेड येथे १९५० मध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्यासारख्या वक्त्याची ख्याती याच महाविद्यालयाच्या परिसरातून महाराष्ट्रभर पोहोचली. वक्त्याचे विचार छापील पुस्तकातून कळतात, परंतु त्याचा विराम, त्याची आवाजाची चढउतार आणि श्रोत्यांचा प्रतिसाद छापील पानावर उतरत नाही. मुक्तिसंग्रामातील सहभागींच्या आठवणींनाही हेच लागू पडते. १९४८ मधील उमरी बँकेच्या लुटीसारख्या घटनेविषयी कागदोपत्री माहिती उपलब्ध आहे. मात्र त्या काळातील माणसे मराठी, उर्दू, तेलुगू व कन्नड या भाषांच्या सीमेवर कशी बोलत असत, कोणता शब्द उच्चारताना थांबत असत, हे सांगण्याची क्षमता केवळ ध्वनीत आहे.

त्या वेळी परदेशी बनावटीचा टेपरेकॉर्डर ही दुर्मिळ व महागडी वस्तू होती. परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरील भारी कर यांमुळे यंत्र मिळविणे कठीण होते व त्याचे सुटे भाग मिळविणे त्याहून कठीण होते. यंत्र आले की ते जपून वापरले जाई. कॅसेटचा प्रसार झाल्यावर ते कपाटावर गेले आणि बहुधा तेथेच राहिले. जपणुकीची ही सवय यंत्राला मारक कशी ठरते, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

कंडेन्सरचे कार्य व ऱ्हास

दोन धातूंच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये विद्युतरोधक थर, ही कंडेन्सरची मूळ रचना होय. टेपरेकॉर्डरमध्ये त्याच्याकडे निरनिराळी कामे असतात. वीजपुरवठ्याच्या भागात तो प्रवाहातील चढउतार सपाट करतो. दोन ॲम्प्लिफायर टप्प्यांच्या मध्ये तो ध्वनीचा संकेत पुढे जाऊ देतो व एकदिश विद्युतदाब अडवून धरतो. मोटारीला जोडलेला कंडेन्सर तिच्या दुसऱ्या वेटोळ्यातील प्रवाहाची कला बदलतो, त्यामुळे मोटार सुरू होते व ठरलेल्या गतीने फिरते.

या प्रकारांपैकी दोन विशेष अल्पायुषी असतात. पहिला इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर. यात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरील अतिशय पातळ ऑक्साइडचा थर विद्युतरोधकाचे काम करतो आणि त्याला ओलसर विद्राव्याची साथ असते. रबरी बुचातून हे विद्राव्य हळूहळू उडून जाते. धारकता घटते व अंतर्गत रोध वाढतो. याखेरीज यंत्र वर्षानुवर्षे बंद राहिले तर ऑक्साइडचा थरही क्षीण होतो. अशा यंत्राला एकाएकी पूर्ण विद्युतदाब दिल्यास कंडेन्सरमधून गळती होऊन तो तापतो, प्रसंगी फुटतो. दुसरा प्रकार मेणकागदी कंडेन्सरचा. हवेतील ओलावा शोषून घेतल्यामुळे त्याचा रोध कमी होतो. व्हॉल्व्हच्या यंत्रात असा गळका कंडेन्सर पुढील व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नको असलेला धन विद्युतदाब पोहोचवितो. परिणामी तो व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर तापतो आणि कधी कधी आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो.

इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरच्या आयुर्मानाविषयी अभियंते एक ढोबळ नियम वापरतात : तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की आयुष्य सुमारे निम्मे होते. ८५ अंशांवर २,००० तास अशी हमी असलेला कंडेन्सर यंत्राच्या पेटीतील तापमान ४५ अंश असताना सुमारे ३२,००० तास टिकावा, असे या नियमावरून निघते. रोज आठ तास वापर धरल्यास हा काळ सुमारे अकरा वर्षांचा होतो. पेटीतील तापमान ५५ अंशांवर गेले तर तोच काळ साडेपाच वर्षांवर येतो. नांदेड व लातूर परिसरात उन्हाळ्यातील तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि बंद पेटीतील व्हॉल्व्ह त्यात भर घालतात. २० अंशांच्या खोलीसाठी युरोपात तयार झालेले यंत्र ४० अंशांच्या खोलीत चालविले, तर त्याच नियमानुसार कंडेन्सरचे आयुष्य एक चतुर्थांश होते. उन्हाळ्याच्या पाठोपाठ येणारा पावसाळ्यातील दमटपणा मेणकागदी कंडेन्सरचे उरलेसुरले आयुष्य संपवितो. वीजपुरवठ्यातील चढउतार व भारनियमनानंतर अचानक परत येणारी वीज यांचा ताण त्यात मिळवावा लागतो.

सारांश, मराठवाड्यातील कपाटात चाळीस-पन्नास वर्षे राहिलेल्या यंत्राचे कंडेन्सर बाह्यतः शाबूत दिसले, तरी ते कार्यक्षम असल्याचे गृहीत धरता येत नाही.

यंत्रातील दोष आणि ध्वनिरूप पुरावा

इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न यानंतर उपस्थित होतो. बिघडलेले यंत्र पूर्णपणे बंद पडले तर निदान संशोधकाची फसगत होत नाही. खरा धोका अर्धवट चालणाऱ्या यंत्रापासून असतो. संकेतमार्गातील कंडेन्सरची धारकता घटली की खालचे स्वर क्षीण होतात व भारदस्त आवाज पातळ ऐकू येतो. गळका कंडेन्सर आवाजात कर्कशपणा आणतो. हेडमधून एकदिश प्रवाह वाहू लागला तर हेड चुंबकित होऊन फितीवर खरखर वाढते व मूळ मुद्रणातील वरचे स्वर कायमचे कमी होऊ शकतात. मोटारीचा कंडेन्सर कमजोर झाला तर गती मंदावते. अशा यंत्रावर फीत ऐकणारा अभ्यासक निवेदकाचा आवाज थकलेला होता, तो अडखळत बोलत होता, असा निष्कर्ष काढण्याचा संभव असतो. थकवा माणसाचा नसून मोटारीचा असतो.

गतीचा प्रश्न अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. प्रसारणसंस्थांमध्ये फीत सामान्यतः सेकंदाला ३८ किंवा १९ सेंटिमीटर, तर घरगुती यंत्रांमध्ये १९, ९.५ किंवा ४.७५ सेंटिमीटर या गतीने फिरते. अनेक यंत्रांची मोटार विजेच्या वारंवारितेशी बांधलेली असते. भारतात ती ५० हर्ट्झ आहे, अमेरिकेत व जपानच्या काही भागांत ६० हर्ट्झ. ६० हर्ट्झसाठी जुळविलेले यंत्र पुली व मोटारीचा कंडेन्सर न बदलता येथे चालविले, तर ते पाच-षष्ठांश गतीने फिरते. अशा यंत्रावर मुद्रित केलेले भजन पुढे योग्य गतीच्या यंत्रावर वाजविल्यास प्रत्येक स्वर ६:५ या प्रमाणात चढतो, म्हणजेच गायकाचा षड्ज कोमल गांधाराच्या जागी ऐकू येतो. लोकसंगीताच्या किंवा बोलीच्या उच्चारांच्या अभ्यासात ही चूक क्षुल्लक नव्हे.

ही चूक ओळखण्याचे एक साधन फितीवरच असते. घरगुती विजेवर केलेल्या मुद्रणात विजेची मंद घुंकार अनेकदा नकळत उतरते. मुद्रणाच्या वेळी मोटार कमजोर कंडेन्सरमुळे चार टक्क्यांनी मंद फिरत असेल, तर आज अचूक गतीने वाजविल्यावर फितीवरील घुंकार ५० ऐवजी सुमारे ५२ हर्ट्झवर आढळेल. त्यावरून मूळ गती काढून आवाज पूर्वपदावर आणता येतो. अर्थात त्या वेळच्या वीजपुरवठ्याची वारंवारिताही नेहमी काटेकोर ५० नसे, त्यामुळे या मोजणीला मर्यादा आहे. अशा वेळी भजनातील पेटीचे स्थिर सूर दुसरा आधार देतात. मात्र वाजविणाऱ्या यंत्राचेच फिल्टर कंडेन्सर निकामी असतील, तर त्या यंत्राची स्वतःची ५० व १०० हर्ट्झची घुंकार फितीवरील घुंकारीत मिसळते आणि पुरावा झाकला जातो.

यावरून एक पद्धतिशास्त्रीय भेद स्पष्ट होतो. ध्वनिफितीतील दोष दोन काळांतील असतात : मुद्रणकाळातील आणि श्रवणकाळातील. पहिले दोष हे साधनाच्या इतिहासाचा भाग असल्याने ते जपले पाहिजेत. दुसरे उपरे असल्याने ते दूर केले पाहिजेत. निरोगी यंत्रावाचून या दोहोंची फारकत करता येत नाही. हस्तलिखिताच्या अभ्यासात मूळ लेखकाचा प्रमाद आणि नंतरच्या लेखनिकाचा प्रमाद वेगळे केले जातात. ध्वनिफितीच्या बाबतीत लेखनिकाची भूमिका यंत्राकडे असते.

काय बदलावे, काय ठेवावे

या संदर्भात दोन टोकाच्या भूमिका आढळतात. यंत्र हीच ऐतिहासिक वस्तू असल्याने त्याच्या कोणत्याही भागाला हात लावू नये, ही एक. सर्वच कंडेन्सर सरसकट बदलून टाकावेत, ही दुसरी. पहिली भूमिका वस्तुसंग्रहालयातील प्रदर्शनीय वस्तूस लागू पडते. ज्या यंत्राकडून फिती वाजवून घ्यावयाच्या आहेत, त्यास ती लावता येत नाही. दुसऱ्या भूमिकेत सुस्थितीतील भाग अकारण काढले जातात, जुन्या छापील सर्किटावरील तांब्याच्या पट्ट्या उखडतात आणि नव्या चुका शिरतात. तारतम्याचा मार्ग पुढीलप्रमाणे सांगता येईल.

१. अनेक वर्षे बंद असलेले यंत्र तपासणीपूर्वी विजेला जोडू नये. मूळ फीत त्यावर चढवून पाहणे तर कटाक्षाने टाळावे.

२. व्हॉल्व्हच्या यंत्रात वीज काढल्यानंतरही कंडेन्सरमध्ये २५० ते ३०० व्होल्टपर्यंत विद्युतदाब शिल्लक राहू शकतो. योग्य रोधातून तो उतरविल्याशिवाय आत हात घालू नये. हे काम जाणकारानेच करावे.

३. वीजपुरवठ्याच्या तारांमध्ये जोडलेले, गोंगाट कमी करणारे जुने कागदी कंडेन्सर, फिल्टरचे इलेक्ट्रोलायटिक व व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेले मेणकागदी कंडेन्सर प्राधान्याने बदलावेत. मोटारीचा कंडेन्सर मोजून निर्णय घ्यावा आणि बदलताना तो प्रत्यावर्ती विजेसाठी बनविलेलाच असावा.

४. अभ्रकाचे व पॉलिस्टायरिनचे कंडेन्सर सहसा दीर्घायुषी असतात. मोजणीत दोष आढळल्याखेरीज ते काढू नयेत. मुद्रित ध्वनीचा समतोल ठरविणाऱ्या भागात हे विशेषत्वाने पाळावे.

५. नव्या भागाचा विद्युतदाब मूळच्याइतका किंवा अधिक असावा, तापमानमर्यादा १०५ अंशांची असावी आणि धन-ऋण टोके तपासून घ्यावीत. जुन्या यंत्रातील ८, १६, २५, ३२, ५० मायक्रोफॅरड ही मूल्ये आता सहज मिळत नाहीत. फिल्टरच्या ठिकाणी ५० ऐवजी ४७ चालते. समतोल व गती यांच्याशी संबंधित ठिकाणी मात्र अशी सूट घेऊ नये.

६. दुरुस्तीपूर्वी व नंतर छायाचित्रे घ्यावीत. काढलेला प्रत्येक भाग, त्याचे स्थान, मोजलेले मूल्य व दिनांक लिहून पाकिटात जपून ठेवावा. दुरुस्तीनंतर प्रमाणित फितीच्या साहाय्याने गती व हेडचा कोन तपासावा आणि त्यानंतरच मूळ फीत वाजवावी.

नवा भाग म्हणजे निर्दोष भाग, असेही समजता येत नाही. १९९९ ते २००७ या सुमारास सदोष विद्राव्यामुळे जगभर संगणकांतील नवे कंडेन्सर अकाली फुटल्याचा अनुभव आला होता. म्हणून जोडण्यापूर्वी नवा भागही मोजून घेणे इष्ट होय.

दुरुस्तीच्या कौशल्याचा प्रश्न

हे काम करणारा वर्ग हाही इतिहासाचा विषय आहे. रेडिओच्या प्रसाराबरोबर जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या बाजारपेठांत रेडिओ दुरुस्तीची दुकाने उभी राहिली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील रेडिओ व टीव्ही मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाने त्यांना प्रशिक्षित हात पुरविले. हैदराबादची कोठी आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड या सुट्या भागांच्या मोठ्या पेठा होत. नांदेड हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर असल्याने त्यास हैदराबाद सहज गाठता येई, तर लातूरचा बार्शी लाइट रेल्वेमार्गे पश्चिमेकडे संबंध होता. या कारागिरांचे ज्ञान पुस्तकी नव्हते. घुंकार ऐकून कोणता कंडेन्सर गेला हे सांगणारा कान अनुभवातून घडत असे. मोबाइल दुरुस्तीच्या काळात या कौशल्याची मागणी संपली आणि ज्यांच्या हाती ते होते ती पिढी आता वृद्ध झाली आहे. ध्वनिफीत, यंत्र आणि कारागीर या तिन्हींचे आयुष्य एकाच वेळी संपत येणे, हे या प्रश्नाचे खरे गांभीर्य आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे जमीनदोस्त झाली. माणसांबरोबर घरांतील कागद, वस्तू व स्मृतिचिन्हेही मातीखाली गेली. या भागात जे मागे उरले, त्याचे मोल त्यामुळे वाढते. आंतरराष्ट्रीय पातळीवरही परिस्थिती वेगळी नाही. युनेस्कोच्या पुढाकाराने ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर २०१९ मध्ये हाती घेतलेल्या चुंबकीय फीतविषयक प्रकल्पात २०२५ हे वर्ष इशारा म्हणून पुढे ठेवले गेले. त्यानंतर वाजविणारी यंत्रे व सुटे भाग नियमितपणे मिळणे संपुष्टात येईल, अशी तज्ज्ञांची धारणा होती. ही मुदत आता मागे पडली आहे. याच संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे रूपांतरासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या दर्जाची शिफारस करतात. परंतु दर्जा कितीही उच्च असला तरी संगणकात शिरणारा ध्वनी यंत्राच्या कंडेन्सरमधूनच येतो. तेथे दोष असेल तर तो दोषच उच्च दर्जाने जतन होतो.

निष्कर्ष

१. मराठवाड्यातील हवामान व वीजपुरवठा यांमुळे जुन्या टेपरेकॉर्डरमधील कंडेन्सरचा ऱ्हास अधिक वेगाने होतो. दीर्घकाळ न वापरणे हे त्यावरील संरक्षण नव्हे.

२. सदोष कंडेन्सर ध्वनीची गती, पोत व स्पष्टता बदलतो. त्यामुळे मौखिक इतिहास, बोलीविज्ञान व लोकसंगीत या विषयांतील निष्कर्षांवर परिणाम होतो.

३. मुद्रणकाळातील व श्रवणकाळातील दोष वेगळे करणे हे ध्वनिरूप साधनांच्या चिकित्सेचे पहिले पाऊल होय.

४. ध्वनिफितीचा आधार घेणाऱ्या संशोधनात फीत कोणत्या यंत्रावर, कोणत्या दुरुस्तीनंतर व कोणत्या गतीने ऐकली, याचा उल्लेख असणे आवश्यक आहे.

५. इतिहास, भाषा व संगीत विभागांनी इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या आणि जुन्या कारागिरांच्या सहकार्याने यंत्रांची नोंदवही तयार करावी. कारागिरांच्या मुलाखतीही त्याच उपक्रमात घेता येतील.

समारोप

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झाले. नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. या परिसरातील महाविद्यालयांच्या कपाटांत, ग्रंथालयांच्या माळ्यावर किंवा जुन्या घरांतील पेट्यांमध्ये एखादे स्पूल व एखादे यंत्र असणे अशक्य नाही. ते शोधणे हे पहिले काम आणि घाईने विजेला न जोडणे हे दुसरे. एक चालू यंत्र अनेक संस्थांच्या फितींना पुरे पडू शकते आणि त्यासाठी लागणारे सुटे भाग मूळ यंत्राच्या तुलनेत अत्यल्प किमतीचे असतात. मुक्तिसंग्राम पाहिलेली पिढी आता जवळजवळ काळाच्या पडद्याआड गेली आहे. तिला नव्याने प्रश्न विचारता येणार नाहीत. जे विचारले गेले व मुद्रित झाले, ते योग्य गतीने व योग्य स्वरात ऐकणे एवढे मात्र आजच्या अभ्यासकांच्या हाती आहे.